पाळण्यातलं नाव, पोस्टरवरचं नाव

१९६० च्या मे महिन्यात लिव्हरपूलची पाच पोरं एका व्हॅनमधून स्कॉटलंडच्या दौऱ्यावर निघाली. काम फार मोठं नव्हतं. जॉनी जेंटल नावाच्या गायकाच्या मागे उभं राहून आठवडाभर, लहानसहान गावांतल्या हॉलमधून वाजवायचं. पण बाहेरगावचा हा त्यांचा पहिला धंदेवाईक दौरा होता. आता आपण व्यावसायिक झालो, तेव्हा नावंही तशीच हवीत, असं काही जणांनी ठरवून टाकलं. सतरा वर्षांचा पॉल मॅकार्टनी झाला ‘पॉल रमोन’. जॉर्ज हॅरिसन कार्ल पर्किन्सच्या गिटारवर जीव टाकायचा, म्हणून तो झाला ‘कार्ल हॅरिसन’. बेस वाजवणारा स्टुअर्ट सटक्लिफ मूळचा चित्रकार. त्यानं निकोला द स्ताल या चित्रकाराचं आडनाव उचललं. ते ज्याच्या मागे वाजवत होते त्या जॉनी जेंटलचं नावसुद्धा घेतलेलंच होतं. घरी तो जॉन अस्क्यू होता. दौरा आटोपला, पोरं लिव्हरपूलला परतली आणि ही नावं गळून पडली. पुढं बीटल्स म्हणून जग जिंकलं ते घरच्याच नावांनी. घरचं नाव सोडलेला त्यांच्यात एकच राहिला, रिंगो, आणि तो तर तेव्हा बँडमध्ये आलाही नव्हता.

गोष्ट इथं संपली असती. पण चाहते कुठलीच गोष्ट अशी संपू देत नाहीत. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या फॉरेस्ट हिल्समध्ये डग्लस कॉल्व्हिन नावाचा एक बीटल्सवेडा मुलगा होता. पॉल एकेकाळी स्वतःला रमोन म्हणवून घ्यायचा, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. १९७४ मध्ये मित्रांबरोबर बँड काढताना त्यानं ते आडनाव घेतलं आणि तो ‘डी डी रमोन’ झाला. त्याचं बघून सगळ्यांनीच घेतलं. जेफ्री हायमन झाला जोई रमोन, जॉन कमिंग्ज झाला जॉनी रमोन, आणि बुडापेस्टमध्ये जन्मलेला तामाश एर्देयी झाला टॉमी रमोन. एकमेकांशी रक्ताचं कसलंच नातं नसलेली चार माणसं एका आडनावाची झाली. पुढं ड्रमर बदलला तेव्हा नव्या माणसालाही दारातून आत येताना तेच आडनाव घ्यावं लागलं. मॅकार्टनीनं आठवडाभर वापरून सोडून दिलेलं नाव दुसऱ्या कुणी बावीस वर्षं मंचावर मिरवलं.

रॉकचे जुने चाहते एकत्र जमले की बोलणं हमखास इथं येतं. कुणाचं खरं नाव काय, ते कधी बदललं, कुणी बदललं, कुठल्या रेकॉर्डच्या कव्हरवर कुणी भलत्याच नावानं वाजवलं आहे. बाहेरच्याला ही रिकामटेकड्यांची प्रश्नमंजूषा वाटते. मला तसं अजिबात वाटत नाही. रॉक संगीताचा सामाजिक इतिहास समजून घ्यायचा असेल तर नावांच्या या यादीइतकी चांगली वाट नाही. प्रत्येक बदललेल्या नावाआड एखादा मॅनेजर, एखादा करार, एखादी भीती किंवा एखादं स्वप्न उभं असतं. आणि ही सगळी नोंद ठेवली ती अभ्यासकांच्याही आधी चाहत्यांनी, रेकॉर्डच्या कव्हरवरची बारीक अक्षरं वाचून.

केशवसुत आणि कुसुमाग्रज ज्यांच्या अंगवळणी पडले आहेत त्या मराठी वाचकाला टोपणनावाचं नवल नाही. पण कवीचं टोपणनाव कवितेखाली राहतं. शिरवाडकर नाशिकमध्ये शिरवाडकरच होते. रॉकवाल्याचं नाव अंगावर चढतं. ते कपड्यांत, चालण्यात, आवाजात उतरतं आणि बऱ्याचदा पासपोर्टपर्यंत जातं.

या नावांचा एक उगम अमेरिकेच्या दक्षिणेत, ब्लूजमध्ये आहे. तिथं नाव निवडलं जात नसे, मिळत असे. मॅकिन्ली मॉर्गनफील्ड लहानपणी चिखलपाण्यात खेळायचा म्हणून आजीनं त्याला ‘मडी’ म्हटलं; पुढं तो झाला मडी वॉटर्स. धिप्पाड देहाच्या आणि गुरगुरत्या आवाजाच्या चेस्टर बर्नेटला लोक हाउलिन वुल्फ म्हणून ओळखू लागले. लंडनच्या पोरांनी या माणसांच्या रेकॉर्ड बोटीतून मागवून झिजेपर्यंत ऐकल्या. रोलिंग स्टोन्सचं नाव मडी वॉटर्सच्या १९५० च्या गाण्यावरून आलं. १९६२ मध्ये कार्यक्रमाची जाहिरात देताना ब्रायन जोन्सला फोनवर बँडचं नाव विचारलं गेलं आणि समोर पडलेल्या रेकॉर्डवरचं नाव त्यानं सांगून टाकलं, अशी हकिकत त्या बँडमधलेच लोक सांगत आले आहेत.

दुसरा उगम पूर्णपणे धंद्याचा. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस लंडनमध्ये लॅरी पार्न्स नावाचा मॅनेजर होता. कामगार वस्त्यांतली देखणी, गाणारी मुलं तो हेरायचा आणि करारावर सही घेतानाच त्यांचं बारसं उरकायचा. पद्धत ठरलेली होती: पहिलं नाव शेजारच्या पोराचं वाटेल असं साधं, आणि आडनाव अंगावर येणारं. रेजिनाल्ड स्मिथ झाला मार्टी वाइल्ड. रॉनल्ड विचर्ली झाला बिली फ्युरी. क्लाइव्ह पॉवेल झाला जॉर्जी फेम. हे नाव घेतलं नाहीस तर कार्यक्रमात जागा नाही, असं त्याला बजावण्यात आलं होतं. जो ब्राउनसाठी पार्न्सनं ‘एल्मर ट्विच’ हे नाव काढलं होतं. जो ब्राउननं साफ नकार दिला आणि आईबापांनी दिलेल्या नावानंच तो आयुष्यभर गायला. चाहत्यांना आज पार्न्सच्या या पोरांतले बरेच जण फक्त नावांसाठी आठवतात, आणि हा त्यांच्यावर अन्याय आहे. बिली फ्युरी स्वतः गाणी लिहिणारा मुलगा होता. मार्टी वाइल्डला आपली गाणी विकायला म्हणून तो बर्कनहेडच्या एका थिएटरात गेला होता आणि पार्न्सनं त्याला त्याच रात्री मंचावर ढकललं. १९६० चा त्याचा ‘द साउंड ऑफ फ्युरी’ ऐकून पाहा. त्या आडनावातला संताप तिथं कुठं नाही. एक लाजरा, दुखावलेला आवाज आहे.

रिंगोची तऱ्हा याहून सौम्य. रिचर्ड स्टार्की बोटांत अंगठ्या घालायचा, म्हणून रिंगो. आणि पोस्टरवर शोभेल म्हणून स्टार्कीचा स्टार. हे घडलं ते रोरी स्टॉर्मच्या बँडमध्ये. त्या रोरी स्टॉर्मचं नावही अॅलन कॉल्डवेल होतं. गंमत अशी की गाण्यांच्या श्रेयनामावलीत रिंगो कधी शिरलाच नाही. ‘ऑक्टोपसेस गार्डन’ लिहिलं आहे स्टार्कीनं. तबकडीवर तेच छापलेलं आहे. जवळची माणसं त्याला आजही रिची म्हणतात. इतक्या सहजपणे दोन नावांत राहणारा दुसरा रॉक संगीतकार मला दिसत नाही.

बॉब डिलनला ते तसं जमलं नाही. मिनेसोटातल्या हिबिंग या खाणीच्या गावात वाढलेला रॉबर्ट झिमरमन न्यूयॉर्कला आला तो नव्या नावासह नवा भूतकाळ घेऊनच. घर सोडून पळालो, भटकलो, असं तो सांगत असे. १९६२ मध्ये त्यानं कायद्यानं नाव बदललं. पुढच्याच वर्षी ‘न्यूजवीक’नं त्याचं मूळ नाव, त्याचे मध्यमवर्गीय ज्यू आईवडील हे सगळं छापलं, तेव्हा तो प्रचंड संतापला होता. त्याचा संताप मी समजू शकतो. लोकगीतांच्या त्या वर्तुळात खरेपणाला फार मोल होतं आणि तिथल्या लोकांना खरा माणूस हवा होता तो धुळीच्या रस्त्यावरचा. दुकानदाराचा मुलगा त्यांना चालला नसता. शिवाय ज्यू आडनाव त्या काळी अमेरिकेत करमणुकीच्या धंद्यात जड जायचं, हेही विसरता येत नाही. हैफात जन्मलेला खाइम विट्झ ‘किस’ बँडचा जीन सिमन्स होतो आणि त्याचा जोडीदार स्टॅन्ली आयझन पॉल स्टॅन्ली होतो, तेव्हा पाठीमागे तोच इतिहास असतो.

रेजिनाल्ड ड्वाइटला तर रेजिनाल्ड असणंच नको होतं. पिनर या लंडनच्या उपनगरातला हा गोलमटोल, चष्मा लावणारा पियानोवादक ब्लूजॉलॉजी नावाच्या बँडमध्ये वाजवायचा. गायक लाँग जॉन बॉल्ड्री पुढं असायचा आणि सॅक्सोफोनवर एल्टन डीन. एकाचं पहिलं नाव घेतलं, दुसऱ्याचं मधलं, आणि एल्टन जॉन तयार झाला. १९७२ मध्ये त्यानं ते कायद्यानं पक्कं केलं आणि मधे ‘हर्क्युलिस’ घातलं. हे हर्क्युलिस म्हणजे ‘स्टेप्टो अँड सन’ या टीव्ही मालिकेतल्या भंगारवाल्याच्या घोड्याचं नाव. बॉल्ड्रीचं ऋण नुसत्या नावापुरतं नव्हतं. नको असलेल्या लग्नापासून त्यानंच एल्टनला वेळेवर परावृत्त केलं, आणि १९७५ चं ‘समवन सेव्ह्ड माय लाइफ टुनाइट’ हे गाणं त्या रात्रीचं आहे. हे माहीत नसताना गाणं ऐकणं आणि कळल्यावर ऐकणं, यांत फार फरक पडतो. चाहत्यांच्या गप्पांचं मोल मला वाटतं ते इथं.

डेव्हिड बोवीकडे मात्र जरा थांबावं लागेल, कारण नावाचं काय काय होऊ शकतं ते सगळं त्याच्या बाबतीत झालं.

तो ८ जानेवारी १९४७ ला लंडनच्या ब्रिक्स्टनमध्ये जन्मला. नाव डेव्हिड रॉबर्ट जोन्स. इंग्लंडमध्ये याहून सर्वसाधारण नाव शोधून सापडणार नाही. १९६४ मध्ये पहिली रेकॉर्ड निघाली ती ‘डेव्ही जोन्स विथ द किंग बीज’ या नावानं. अडचण अशी की डेव्ही जोन्स नावाचा एक तरुण नट-गायक आधीच ब्रॉडवे गाजवून बसला होता. ‘मंकीज’ या बँडमुळे तो पुढं जगभर प्रसिद्ध झाला. म्हणून १९६५ मध्ये डेव्हिडनं नवं आडनाव घेतलं, जिम बोवीचं. १८३६ मध्ये अलामोच्या लढाईत पडलेला, लांब पात्याच्या सुऱ्यासाठी ओळखला जाणारा अमेरिकन. बोवीच्या आडनावाचा उच्चार कसा करायचा यावर चाहत्यांत अजूनही दोन तट आहेत. तो स्वतः बो-ई असा उच्चार करायचा.

एवढ्यावर तो थांबला नाही. बोवी हे घेतलेलं नाव, आणि १९७२ मध्ये त्याच्यावर त्यानं आणखी एक नाव चढवलं: झिगी स्टारडस्ट. लाल केस, रंगवलेला चेहरा, परग्रहावरून आलेला रॉकस्टार. व्हिन्स टेलर या कोलमडलेल्या गायकाची छाया त्यात होती, आणि व्हिन्स टेलरचं नावही मूळचं ब्रायन होल्डन. बोवी झिगी म्हणून गायला आणि पुढं पुढं झिगी म्हणूनच जगू लागला. आपण कुठं संपतो आणि तो कुठं सुरू होतो हे कळेनासं झालं होतं, असं त्यानं नंतर सांगितलं आहे. ३ जुलै १९७३ ला लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमध्ये शेवटच्या गाण्याआधी त्यानं जाहीर केलं की हा आपला शेवटचा कार्यक्रम. त्याच्याच बँडमधल्या बेसवाल्याला आणि ड्रमरला हे तिथं, मंचावर, सगळ्यांबरोबर कळलं. माहितीपटकार पेनबेकरच्या कॅमेऱ्यानं ती रात्र टिपून ठेवली आहे. हेलावून रडणारी पोरंपोरी पाहिली की उमगतं, ती बोवीसाठी रडत नव्हती. त्यांच्या दृष्टीनं झिगी मेला होता. पोरांनी त्याचे केस, त्याचा रंग, त्याचं चालणं उचललं होतं. इंग्लंडच्या करड्या गावांत वेगळं दिसायचं धैर्य त्यांना त्या नावानं दिलं होतं. बोवीला ते नाव सोडणं भाग होतं आणि त्यांना ते सोडणं शक्य नव्हतं. मला दोघांचंही पटतं.

आणि कागदोपत्री? कागदोपत्री तो अखेरपर्यंत जोन्सच राहिला. २०१६ च्या जानेवारीत न्यूयॉर्कमध्ये त्याचं मृत्युपत्र दाखल झालं ते डेव्हिड रॉबर्ट जोन्सचं. त्याचा मुलगा, ‘मून’ या चित्रपटाचा दिग्दर्शक, डंकन जोन्स असंच नाव लावतो.

बँडच्या नावाला माणूस समजण्याची चूक नव्या श्रोत्यांकडून पिढ्यानपिढ्या होत आली आहे. जेथ्रो टल म्हणजे बासरी वाजवणारा तो दाढीवाला नव्हे. तो इयन अँडरसन. जेथ्रो टल हा अठराव्या शतकातला इंग्लंडचा शेतीसुधारक, बी पेरण्याचं पाभरीसारखं यंत्र करणारा. पिंक फ्लॉइडमध्येही पिंक नावाचा कुणी नाही. पिंक अँडरसन आणि फ्लॉइड काउन्सिल या दोन ब्लूज गायकांची नावं सिड बॅरेटनं जोडली. रेकॉर्ड कंपन्यांची माणसंसुद्धा यात फसत, आणि बँडनं त्याचा राग एका गाण्यात काढून ठेवला आहे. अॅलिस कूपर तर आधी बँडचंच नाव होतं. गायक व्हिन्सेंट फर्नियरला लोक अॅलिस म्हणू लागले आणि शेवटी त्यानं ते कायद्यानंच स्वीकारलं. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलमध्ये लेनर्ड स्किनर नावाचे व्यायामशिक्षक होते, मुलांच्या लांब केसांवर कडक नजर ठेवणारे. त्यांच्या विद्यार्थ्यांनी बँड काढला आणि मास्तरांचंच नाव, अक्षरं मोडूनतोडून, त्याला दिलं: लिनर्ड स्किनर्ड. पुढं मास्तर आणि पोरं यांची दिलजमाई झाली. जॅक्सनव्हिलमधल्या एका कार्यक्रमात त्यांनीच बँडची ओळख करून दिली.

आता नाव लपवण्याकडे येऊ. १९६६ मध्ये मॅकार्टनीला शंका आली की गाणी चालतात ती गाण्याच्या गुणामुळे, की खाली लेनन-मॅकार्टनी छापलेलं असतं म्हणून? पीटर अँड गॉर्डन या जोडीसाठी त्यानं ‘वुमन’ हे गाणं लिहिलं आणि लेखक म्हणून बर्नार्ड वेब हे नाव लावलं. गाणं अमेरिकेत पहिल्या वीसांत गेलं. गुपित मात्र फार दिवस टिकलं नाही. जॉर्ज हॅरिसननं क्रीम या बँडच्या ‘बॅज’ या गाण्यात गिटार वाजवली तेव्हा दुसऱ्या कंपनीशी असलेल्या करारामुळे कव्हरवर ‘लाँजेलो मिस्तेरियोसो’ असं छापलं गेलं. एरिक क्लॅप्टनला १९७० मध्ये स्वतःच्या कीर्तीचाच इतका वीट आला होता की ‘लैला’चा अल्बम त्यानं डेरेक अँड द डॉमिनोज या नावानं काढला. खप होईना, तेव्हा ‘डेरेक म्हणजेच एरिक’ असे बिल्ले वाटायची पाळी कंपनीवर आली.

हाताच्या वळणावरून वादक ओळखणं ही चाहत्यांची फार मोठी विद्या आहे. कव्हरवर काहीही छापा, दोन सुरांत ते सांगतील की ही गिटार हॅरिसनची. पण या विद्येचा अतिरेकही होतो. १९७६ मध्ये क्लाटू नावाच्या बँडचा अल्बम वादकांची नावं न छापता निघाला. पुढच्या वर्षी प्रॉव्हिडन्सच्या एका वर्तमानपत्रात लेख आला की हे बीटल्सच गुपचूप पुन्हा एकत्र आले असावेत. त्या जोरावर रेकॉर्ड धडाधड खपल्या. प्रत्यक्षात ती टोरांटोची तीन गुणी मुलं होती. खरी नावं कळल्यावर श्रोते उतरले, आणि ती मुलं आयुष्यभर बीटल्स नसल्याची शिक्षा भोगत राहिली.

प्रिन्सचं उदाहरण सगळ्यांच्या उलट जातं. प्रिन्स रॉजर्स नेल्सन हे त्याचं जन्माचं नाव, वडिलांच्या मंचावरच्या नावावरून ठेवलेलं. वॉर्नर कंपनीशी भांडण विकोपाला गेलं तेव्हा आपलं स्वतःचंच नाव कंपनीच्या मालकीची वस्तू झालं आहे, असं त्याचं म्हणणं झालं. १९९३ मध्ये, पस्तिसाव्या वाढदिवशी, ते टाकून त्यानं उच्चारता न येणारं एक चिन्ह घेतलं. वर्तमानपत्रांना ते छापता यावं म्हणून कंपनीला फ्लॉपी पाठवाव्या लागल्या. २००० मध्ये, करार संपल्यावर, तो आईबापांनी दिलेल्या नावाकडे परत आला.

आणि आता ज्याच्यासाठी मी हे प्रकरण लिहायला घेतलं तो माणूस.

फारुख बलसारा ५ सप्टेंबर १९४६ ला झांझिबारच्या स्टोन टाउनमध्ये जन्मला. आईवडील, जेर आणि बोमी, पारशी. आडनाव गुजरातमधल्या बलसारचं, म्हणजे आजच्या वलसाडचं. वडील ब्रिटिश सरकारच्या नोकरीत, तिथल्या हायकोर्टात रोखपाल. मुलगा आठ वर्षांचा झाल्यावर, १९५५ मध्ये, त्यांनी त्याला बोटीनं भारतात पाठवलं, सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत. पुढची आठ वर्षं त्याचं घर म्हणजे ते वसतिगृह. सुट्टीत प्रत्येक वेळी झांझिबारला जाणं शक्य नसे. मग मुंबईला मावशी-आजीकडे.

फ्रेडी हे नाव पाचगणीचं. शाळेत फारुखचा फ्रेडी झाला आणि घरच्यांनीही तेच उचललं. ‘फ्रेडी मर्क्युरी’ या नावाचा पहिला अर्धा भाग सह्याद्रीतला आहे, यात शंकेला जागा नाही. तिथंच तो पियानो शिकला, चौथ्या श्रेणीपर्यंत परीक्षा दिल्या. तिथंच १९५८ च्या सुमारास पाच मुलांनी ‘द हेक्टिक्स’ हा बँड काढला. त्यात फ्रेडी मुख्य गायक नव्हता. तो पियानोवर असायचा. रेडिओवर एकदा ऐकलेलं गाणं लगेच बोटांतून काढायचा, अशी त्याची ख्याती होती.

१९६३ मध्ये तो झांझिबारला परतला. पुढच्याच जानेवारीत तिथं क्रांती झाली, सुलतानाची राजवट उलथली, अरब आणि भारतीय वंशाच्या लोकांची कत्तल झाली. बलसारा कुटुंब हाताला लागेल ते घेऊन इंग्लंडला आलं आणि हीथ्रो विमानतळाजवळच्या फेल्टममध्ये राहिलं. फ्रेडी तेव्हा सतरा वर्षांचा होता. सुट्ट्यांत विमानतळावर मिळेल ते काम, मग ईलिंगच्या कलामहाविद्यालयात ग्राफिक डिझाइन, केन्सिंग्टन मार्केटमध्ये रॉजर टेलरबरोबर जुन्या कपड्यांचा स्टॉल. १९७० मध्ये ब्रायन मे आणि रॉजर यांच्या बँडमध्ये तो आला आणि आल्या आल्या त्यानं बँडचं नाव ठेवलं: क्वीन. आपलं आडनावही त्याच सुमारास बदललं.

मर्क्युरी कुठून आलं? ब्रायन मेनं सांगितलेली हकिकत अशी की ‘माय फेअरी किंग’ या गाण्यात एका आईला मर्क्युरी म्हणून हाक मारली आहे. ही माझीच आई, तेव्हा मी आता मर्क्युरी, असं फ्रेडी म्हणाला. चाहत्यांचा दुसरा तर्क ग्रहांचा. फ्रेडीची रास पाश्चात्त्य गणनेनं कन्या, तिचा स्वामी बुध, म्हणजे मर्क्युरी. हा तर्क वाऱ्यावरचा नाही. बँडचं मानचिन्ह फ्रेडीनंच काढलं आणि त्यात चौघांच्या राशी घातल्या: दोन सिंह, एक खेकडा, आणि स्वतःच्या कन्येसाठी दोन पऱ्या. दोन्ही कारणं एकाच वेळी खरी असायला माझी हरकत नाही.

चाहत्यांत खरा वाद आहे तो वेगळाच. त्यानं आपलं भारतीयपण लपवलं का? झांझिबार, पाचगणी, पारशी घर यांबद्दल तो मुलाखतींत जवळजवळ बोलत नसे, हे खरं. पण काळ पाहा. १९६८ मध्ये इनॉक पॉवेल या राजकारण्यानं स्थलांतरितांविरुद्ध ते कुप्रसिद्ध भाषण केलं. सत्तरच्या दशकात नॅशनल फ्रंटचे मोर्चे निघत होते, आशियाई पोरांना रस्त्यात मार बसत होता. रॉक संगीत गोऱ्यांचं मानलं जात होतं आणि बलसारा नावाच्या गायकाला रेकॉर्ड कंपनीच्या दारात काय ऐकावं लागलं असतं, याचा अंदाज करायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. त्यानं मौन पाळलं म्हणून त्याच्यावर लाज बाळगल्याचा आरोप करणाऱ्यांनी त्या वर्षांतलं इंग्लंड आधी वाचावं. दुसऱ्या बाजूला, तो ‘आपलाच’ म्हणून छाती फुगवणारेही मला पटत नाहीत. पाचगणीनं त्याला पियानो दिला, एक हाक मारायचं नाव दिलं. त्याहून अधिक हक्क सांगू नये. मर्क्युरी त्याचा त्यानं घडवला.

घर मात्र त्यानं तोडलं नाही. फेल्टमला तो आईवडिलांकडे जात राहिला आणि तिथं तो बलसारांचा मुलगाच होता. २४ नोव्हेंबर १९९१ ला तो गेला, एड्सनं, पंचेचाळिसाव्या वर्षी. अंत्यविधी जरथुष्ट्री धर्मगुरूंनी केला. २०१३ मध्ये लंडनच्या केन्सल ग्रीन दफनभूमीत एक फलक दिसला, त्यावर फ्रेंचमधला एक ओळीचा निरोप आणि नाव होतं फारुख बलसारा. जाणाऱ्या-येणाऱ्याला ते नाव काहीच सांगत नव्हतं. चाहत्यांना सगळं कळलं. बातमी फुटली आणि फलक काढून घेण्यात आला. तो शोध लागला नसता तर बरं झालं असतं, असं म्हणणारे चाहतेही आहेत आणि मी त्यांच्यातला आहे. फेल्टमच्या घरावर २०१६ मध्ये इंग्लिश हेरिटेजनं निळा फलक लावला. त्यावर मर्क्युरी आहे आणि कंसात बलसाराही आहे.

एक नाव राहिलं. १९७३ च्या उन्हाळ्यात, क्वीनचा पहिला अल्बम यायच्या थोडं आधी, ‘आय कॅन हिअर म्युझिक’ या जुन्या गाण्याची एक रेकॉर्ड बाजारात आली. गायक लॅरी ल्युरेक्स. तो फ्रेडीच होता. ट्रायडंट स्टुडिओत ध्वनिमुद्रकाला मदत म्हणून गायलेला. रेकॉर्ड पडली, आणि आज ती हाती लागली तर संग्राहक तिला जपून ठेवतात.

क्वीनचा पहिला अल्बम १३ जुलै १९७३ ला निघाला. बरोबर बारा वर्षांनी, १३ जुलै १९८५ ला, वेम्बलीच्या मैदानावर ‘लाइव्ह एड’मध्ये त्यानं जी वीस-बावीस मिनिटं गाजवली ती सगळ्यांनी पाहिलेली असतात. तुम्ही तो पहिला अल्बम काढा. पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं ‘माय फेअरी किंग’ आहे. फारसं कुणी ऐकत नाही, क्वीनच्या लोकप्रिय गाण्यांच्या संग्रहांत ते सापडणारही नाही. ते पूर्ण ऐका, आणि पियानोकडे लक्ष ठेवा. तोही फ्रेडीच वाजवतो आहे.